पडद्याकडे पाठ

आमच्या ट्रेनिंग हॉलमध्ये चाळीस खुर्च्या होत्या. एकोणचाळीस पडद्याकडे तोंड करून असत आणि चाळिसावी सेतुमाधव रावांची. ते आले की पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची उचलत, गर्रकन फिरवत आणि पडद्याकडे पाठ करून बसत. मांडीवर वही, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका, डोळे मिटलेले. मागे पडद्यावर एखादा इंजिनिअर लाल-हिरव्या बाणांची आतषबाजी करतोय, समोर सगळा हॉल आ वासून बघतोय, आणि हे मधेच ध्यानस्थ.

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा झोपला. मी नवी, साताऱ्याहून थेट चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात आलेली, ट्रेनिंग विभागात नुकतीच चिकटलेली. शिस्त दाखवायची भारी हौस. वाकून म्हटलं, "सर, प्रेझेंटेशन सुरू झालंय." इंग्रजीत म्हटलं अर्थात. त्यांनी डोळे न उघडता माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर पेन टेकवलं. आडनाव आधीच वाचून ठेवलं असणार. म्हणाले, "माझेंही सुरू जाहलें आहे. उगी बैस, मा."

चेन्नईत, पत्र्याच्या कारखान्यात, तमिळ हेलात बोललेलं हे मराठी ऐकून मी खरोखरच उगी बसले. राव तंजावरचे मराठी. त्यांच्या घराण्याला महाराष्ट्र सोडून किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. घरात मात्र हीच भाषा, वाक्याच्या शेवटी तमिळ 'मा' लावलेली. 'सांगितलं' नाही, 'सांगटलों'. 'नाही' नाही, 'नहीं'. मी हसले की म्हणत, "हांस, हांस. तुमचें मराठी रोज नवे कपडे घालतें. आमचें पेटींत ठेविलें होतें, तसेंच आहे."

त्यांचं काम एका ओळीत सांगता येतं: स्लाइड्सची हँडआउट करायची, मेलमधून जातील एवढी लहान. आम्ही गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढायचो. आमच्यासाठी तेच काम करणाऱ्या बारक्या शेड आसपास पंचवीस-तीस होत्या. आमचे इंजिनिअर प्रेझेंटेशन करत ते चाळीस-पन्नास एमबीचं, फोटो आणि व्हिडिओंनी फुगलेलं. त्या शेडवाल्यांच्या मेलला दोन एमबीच्या वर काही गिळवत नसे. शिवाय पाळीवर असलेला कामगार हॉलपर्यंत येणार कसा? म्हणून त्याच्यापर्यंत एक पान पोचवायचं. ते पान राव करत. आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारे, म्हणून हयात गेली, तिथून निवृत्त झाल्यावर आमच्याकडे वर्षावर्षाच्या करारावर आले होते.

मी एकदा विचारलं, पाठ का करता? तेव्हा कँटीनमध्ये डबा उघडत होते. डब्यात चिंचेचा भात. तो बोटाने दाखवून म्हणाले, "हें काय? कट्टुसादम. गाडींत न्यायचा भात. मग केळीच्या पानावरलें अस्कं, सर्व, कां नहीं बांधून घेतलें? रसम कां नहीं घेतलें?"

"सांडेल ना."

"तुमची स्लाइड म्हणजे पंगत, मा. वाढणारा उभा आहे तोंवर बरी. हँडआउट म्हणजे कट्टुसादम. पंगतींत जो नव्हता त्याजसाठीं. त्यास पडदा दिसणार नहीं, मग म्यां कां पाहावा? बोलणारा जें तोंडानें सांगतो आणि स्लाइडवर लिहीत नहीं, तेवढेंच मला बांधून घ्यावयाचें आहे."

आणि खरंच, त्यांच्या पानात तेच असे. एका इंजिनिअरने बोल्ट आवळण्यावर बावीस स्लाइड्स केल्या होत्या आणि बोलता बोलता सहज म्हणाला होता, "पावसाळ्यात आधी बोल्ट पुसून घ्या, नाहीतर किती आवळलं त्याचा आकडा खोटा येतो." स्लाइडवर त्याचा पत्ता नव्हता. रावांच्या पानावर पहिलं वाक्य तेच. इंजिनिअर चिडला, माझे बाण कुठे गेले म्हणाला. राव शांतपणे म्हणाले, "हा बाण कोठें चालला होता?" तो म्हणाला, असाच, डिझाइनला. "मग त्यास घरीं पाठविलें."

पान झालं की ते लगेच मेल करत नसत. ते घेऊन कँटीनमधल्या सरोजाकडे जात, नाहीतर गेटवरच्या पहारेकऱ्याकडे. वाचायला लावत आणि विचारत, काय समजलं? सरोजा भांडी विसळता विसळता सांगे. ती अडली की राव परत जागेवर येऊन वाक्य मोडत. असे दोन दिवस जात. आम्ही त्यांची टर उडवायचो, सरोजाला क्वालिटी मॅनेजर म्हणायचो. त्यांच्यावर परिणाम शून्य. "नसलेल्या मनुष्यास कसें विचारावें? ती हॉलांत नव्हती, तीच त्याची वकील."

त्यांचा दुसरा नियम चित्रांचा. फोटो घेतच नसत. व्हिडिओ तीन-तीनदा बघत (तो मात्र डोळे उघडून) आणि स्वतः रेघांची चित्रं काढत. ट्रेसरचा हात तो. चार रेघांत माणूस, दोन रेघांत मशीन. वजन काही नाही, फाइल फुलासारखी हलकी. आणि चुकीची कृती ते कधीच काढत नसत. मी म्हटलं, अहो, काय करू नये ते दाखवायला नको का? म्हणाले, "तोंडानें सांग. बोलणें उडून जातें, चित्र बसतें. फुलीकडे कोणी पाहत नहीं, हाताकडे पाहतात."

मी हे सगळं ऐकत होते, मान डोलावत होते, आणि मला त्यातलं काडीचंही कळलेलं नव्हतं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

तिसऱ्या वर्षी आढावा बैठकीत मॅनेजरसाहेबांनी विचारलं की एका हँडआउटला दोन दिवस कशाला लागतात. राव माझ्या शेजारीच बसले होते. ते तोंड उघडण्याआधी मी बोलले. मी सॉफ्टवेअरमध्ये एक जोडणी बसवली होती. बटण दाबलं की स्लाइड्सचं पीडीएफ होई, फोटो आक्रसत, व्हिडिओ गळून पडत, फाइल दोन एमबीच्या आत. "दहा मिनिटं, सर," मी म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं.

बाहेर आल्यावर राव एवढंच म्हणाले, "दहा मिनिटांत वाचतेस केव्हां, मा?"

मला तो टोमणा वाटला. म्हातारे लोक करतात तशी कुरकुर वाटली. त्या वर्षी त्यांचा करार पुढे गेला नाही. शाल दिली, फोटो काढला. निघताना त्यांनी आपल्या पानाचा साचा माझ्या मशीनवर ठेवला: समास, अक्षराचा आकार, तळाला बारीक अक्षरांत 'रचना : सेतुमाधव राव'. म्हणाले, "समास बिघडवूं नको. घामट हातानें धरितात, अंगठ्याला जागा पाहिजे." मी तो साचा माझ्या जोडणीत घातला. तळचं नाव बदलायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, कंटाळा केला. एका मिनिटाचं काम होतं.

पुढच्या आठ महिन्यांत मी ऐंशीच्या वर हँडआउट पाठवली. एकही वाचलं नाही.

त्यात एक होतं प्रेसच्या साच्यात अडकलेला पत्र्याचा तुकडा काढण्यावर. मूळ प्रेझेंटेशनमध्ये त्याचा व्हिडिओ होता. व्हिडिओत आधी चुकीची पद्धत दाखवली होती: माणूस संरक्षक जाळी वर करून चालू प्रेसमध्ये हात घालतो. मग कर्कश भोंगा, मोठी लाल फुली, आणि मग बरोबर पद्धत: प्रेस बंद, मधे लोखंडी ठोकळा, हुकासारख्या आकड्याने तुकडा बाहेर. माझ्या जोडणीने व्हिडिओ काढून टाकला. जड होता ना. त्याच्या जागी व्हिडिओचं पहिलं चित्र तेवढं राहिलं. वर मथळा, हिंदीत आणि तमिळमध्ये: साचा साफ करण्याची पद्धत. खाली चित्र: जाळी वर, हात आत. त्याखाली, बारीक अक्षरांत, रावांचं नाव.

एका शेडमधल्या नव्या कामगाराला ते पान सुपरवायझरने दिलं, सही घेतली. तो ओडिशाचा होता, हिंदी जेमतेम वाचायचा, चित्र मात्र त्याला स्वच्छ समजलं. चौथ्या दिवशी त्याने चित्रात दाखवलं होतं तसंच केलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीला रावांना बोलावलं. चेन्नईतल्या मैलापूरहून दोन बसेस बदलून आले, पांढरा शर्ट, तीच वही. टेबलापलीकडे तिघे. मी कोपऱ्यात, कारण कामकाजाची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्यांच्यापुढे पान सरकवलं. रावांनी चष्मा पुसला, पान जवळ धरलं, लांब धरलं. त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा झाला. मग इंग्रजीत म्हणाले, "हे मी केलेलं नाही. असं चित्र मी काढत नाही."

"तुमचं नाव आहे."

"नाव माझं आहे. पान माझं नाही." मग थांबले. मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही, हे मुद्दाम सांगते. टेबलाकडेच पाहत राहिले आणि वाट पाहिली. खोलीतल्या कुणीतरी बोलावं म्हणून वाट पाहिली. माझ्या हातात पेन होतं, आणि मी लिहिलं: श्री. राव यांनी जबाबदारी नाकारली.

मॅनेजरसाहेबांना ठाऊक होतं, जोडणी कुणाची ते. पण निघून गेलेला कंत्राटी माणूस सगळ्यांच्याच सोयीचा होता. अहवालात आलं की माजी कर्मचाऱ्याने केलेल्या हँडआउटच्या सदोष साच्यामुळे गैरसमज झाला, आणि कामगारानेही दक्षता बाळगली नाही. मी शुद्धलेखन तपासलं.

पंधरा दिवसांनी मी मैलापूरला गेले. देवळामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. मामींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कॉफी दिली. काय म्हणायचं ते मी बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं. पण रावांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "त्याचें नांव काय?"

"कुणाचं?"

"ज्याचा हात गेला त्याचें."

मला माहीत नव्हतं. नोंदीत सगळीकडे 'ऑपरेटर' होतं. तसं मी सांगितलं. एवढ्या वर्षांत राव माझ्यावर ओरडले ते त्या एकदाच. "ऑपरेटर हें नांव आहे काय? आईनें ठेविलें काय तें?" मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी तिथूनच शेडच्या सुपरवायझरला फोन लावला. बिपिन. गावी गेला होता, परत येणार नव्हता. रावांनी ते नाव वहीत लिहिलं आणि बराच वेळ वही मिटली नाही.

"सर, ते मी केलं होतं," मी म्हटलं.

"मज ठाऊक आहे. अंगठ्याला जागा सोडलेली होती, चित्र मात्र वाचलेलें नव्हतें." मग तमिळमध्ये म्हणाले, "पोदुम." पुरे. मला क्षमा केली की नाही, मला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

आठवड्याने त्यांनी मला परत बोलावलं आणि एक पान दिलं. हाताने काढलेलं. चार चित्रं, रेघांची: बटण बंद करणारा हात, ठोकळा ठेवणारा हात, आकडा धरलेला हात, जाळी खाली ओढणारा हात. प्रत्येक हाताला पाच बोटं, नखांसकट. खाली हिंदीत चार वाक्यं. खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्याला वाचायला लावून तपासलेली. "सर्व शेडींस पाठीव. आणि खालीं माझें नांव ठेव. त्या पानावर होतें, ह्याही पानावर पाहिजे. लोकांनी माझें नांव पाहून हात घातला, आतां माझें नांव पाहून हात काढावा."

मी ते स्कॅन केलं. मेल तयार केला, सगळे पत्ते घातले. मग भीती वाटली आणि साहेबांना विचारलं. ते म्हणाले, प्रकरण अजून कामगार खात्यात आहे, आता दुरुस्त पान पाठवणं म्हणजे पहिलं चुकीचं होतं हे लिहून देणं. "थांबू या." मी थांबले. बटण माझ्या बोटाखाली होतं, दाबलं असतं तर जगबुडी होणार नव्हती. फार तर नोकरी गेली असती. साताऱ्याला घराचे हप्ते, आईचं औषधपाणी, ही कारणं होती माझ्याकडे; कारणं कुणाकडे नसतात?

राव दर गुरुवारी फोन करत. "गेलें की?" मी म्हणायची, मंजुरीत आहे, सर. "सरि," म्हणजे ठीक, एवढं म्हणत आणि ठेवत. मग फोन मामी लावून देऊ लागल्या, कारण रावांना मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला होता, हात सुजले होते. मग दवाखाना. मी भेटायला गेले तेव्हा पलंगावरचा माणूस अर्धा झाला होता. ओठ कोरडे. तरी पहिला शब्द तोच, "गेलें की?"

"गेलं, सर," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "सर्वांस?"

"सगळ्यांना."

"कोणी उत्तर केलें?"

एकदा सुटलेली जीभ. मी म्हटलं, हो, आली ना उत्तरं. काय म्हणाले, ते त्यांना ऐकायचं होतं. मग मी एकेक रचत गेले. एका शेडने भिंतीवर लावलं म्हणे. एकाने विचारलं, आकडा किती लांबीचा हवा. एका सुपरवायझरने लिहिलं की आमची माणसं म्हणतात, हे पान समजतं. राव डोळे मिटून ऐकत होते, हॉलमध्ये बसत तसे. आकड्याच्या लांबीपाशी डोळे उघडले. "बरोबर विचारिलें. तें लिहावयाचें राहिलें होतें. दीड हात म्हणून सांग त्यास." मी म्हटलं, सांगते. कागद काढून लिहूनही घेतलं. देवा, लिहूनही घेतलं मी.

त्यानंतर ते नऊ दिवस होते. मामी सांगतात, जो येईल त्याला ते उत्तरांचं सांगत. नर्सला, डॉक्टरला, शेजारच्या पलंगावरच्या माणसाला. तेराव्याला मी गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मामींनी मला आत बोलावलं, माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "फार समाधानानें गेले, मा. त्या कज्ज्याचें सर्व मनांतून निघून गेलें होतें. तुझ्यामुळें." आणि पानावर जेवायला बसवलं, पहिल्या पंगतीत, घरच्या माणसांबरोबर.

तेव्हा तरी बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "हो, मामी," आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या, कुणाला न विचारता, ते पान पाठवलं. सगळ्या शेडना, तळाला त्यांचं नाव, आकडा दीड हात अशी ओळ घालून. एक एमबीसुद्धा नव्हतं. सात पत्ते बंद पडलेले निघाले, मेल परत आला. उरलेल्यांना गेला. मी खुर्चीत बसून राहिले. साहेबांनी बोलावलं तेव्हा उठले, काय बोलायचं ते मी बोलले, तुम्ही राजीनामा मागितलात तर लिहीन म्हटलं. ते नुसते हसले. म्हणाले, जाऊ द्या, ते मेल कुणी उघडत नाही.

आज बारा दिवस झाले. सकाळी आल्यावर पहिलं तेच बघते. कुणाचंही उत्तर आलेलं नाही.